कदमसाहेबांच्या वडिलांचा दहावा

नोकरी गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हातात कंपनीचाच समोसा होता. चाकणच्या आमच्या कारखान्यात सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं, आधी नाश्ता दिला आणि मग सांगितलं की एक लाइन बंद होतेय. बाकीच्यांनी प्लेटा खाली ठेवल्या. मी समोसा संपवला. (टाकून दिला असता तरी नोकरी काही परत मिळणार नव्हती.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं पिंपळे गुरवच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. कंपनीची बस आली. ड्रायव्हरनं मला बघून वेग कमी केला, मग त्याला आठवलं असावं, तो निघून गेला. घरी परतलो तर बायको दारातच.

"ओळखीतल्यांना फोन करा," सुनीता म्हणाली. "आता नोकऱ्या ओळखीनंच लागतात."

अडचण अशी की मी क्वालिटीत होतो. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासायचा आणि नापास करायचा. उभ्या नोकरीत जेवढी माणसं भेटली, त्या सगळ्यांचा माल मी कधी ना कधी परत पाठवला होता. तरी धीर करून भोसरीच्या एका कारखानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काय सांगता साहेब, खरंच गेली? थांबा, स्पीकरवर टाकतो. पोरांना पण ऐकू द्या."

त्यानंतर मी फोन करायचं सोडलं आणि बाल्कनीत बसायला लागलो. मुलगी क्लासवरून आली की माझ्याकडे न बघता आत जायची. सुनीता भाजी निवडताना मध्येच थांबायची आणि पुन्हा निवडायला लागायची. शेवटी तिनं तिच्या बबनमामाला बोलावलं.

बबनमामा म्हणजे पिंपरीपासून चाकणपर्यंत ज्याला रस्त्यात कुणी ना कुणी थांबवतंच असा माणूस. त्यांनी माझी स्थिती पाहिली आणि निदान केलं.

"जावईबापू, ओळखी ऑफिसात होत नसतात. लग्नात होतात, नाहीतर दहाव्याला. त्यातही लग्नात माणूस घाईत असतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणालाच कुठं जाता येत नाही."

"मामा, लोकांच्या दुःखात मी नोकरी मागू?"

"मागायची नाही. चेहरा दाखवायचा."

अशा रीतीनं मी पांढरी टोपी घालून पवना आणि इंद्रायणीचे घाट धरले. ओळखी झाल्या. घाटावरचे न्हावी मला नमस्कार करू लागले. एक गुरुजी तर म्हणाले, "तुमच्या घरात फारच वाईट दिवस चाललेत हो." तेवढं मात्र खरं होतं.

मग एक दिवस मामांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "कदमसाहेबांचे वडील गेले." कदमसाहेब म्हणजे चाकणच्या एका मोठ्या कंपनीत माणसं घेणारे आणि काढणारे अधिकारी. मामांची त्यांच्याशी तोंडओळख होती.

दहावा देहूजवळ नदीकाठी होता. कदमसाहेब मुंडन करून उभे. त्यांची आई दगडावर बसलेली, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. पिंड ठेवले, सगळे मागं सरले, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून तो दुसरीकडेच बघत होता.

कदमसाहेब हात जोडून म्हणाले, "तात्या, आईला सांभाळीन." कावळा हलला नाही. "भावाशी भांडणार नाही." नाही. "गावाकडची विहीर साफ करून घेतो." कावळ्यानं पाठ फिरवली. ऊन चढलं. लोक घड्याळ बघायला लागले. मलाही वाईट वाटत होतं. इतकी आर्जवं करूनही दाद न मिळणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून बबनमामा पुढं झाले. मी त्यांचा सदरा पकडायला गेलो, पण उशीर झाला होता.

"तात्या," मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "काळजी करू नका. आमच्या जावईबापूंना साहेब कामाला लावतील."

आणि कावळा आला. आला तो थेट पिंडावर.

घाटावरच्या लोकांनी आधी पिंडाकडे पाहिलं. मग एकेक मान माझ्याकडे वळली. कदमसाहेबांचीही वळली. त्या नजरेत मला नोकरी दिसली नाही, दुसरंच काहीतरी दिसलं. नदीत उडी मारावी असं वाटलं, पण पाणी घोट्याएवढंच होतं.

त्यांची आई उठून माझ्यापाशी आली. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्यात जीव अडकला होता व्हय त्यांचा? आमाला कधी बोलले न्हाईत. रोज सांजच्याला कुठं जायचे, तेबी सांगायचे न्हाईत. तुमच्यापाशी यायचे का?"

मी मामांकडे पाहिलं. मामा नदीकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो.

"काय बोलायचे वो?"

"तुमचं नाव काढायचे."

ती रडली. तात्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण मीही रडलो. (सुनीता म्हणते, नोकरीसाठी रडलात. मला नक्की सांगता येत नाही.)

काही दिवसांनी कदमसाहेबांनी घरी बोलावलं. मुलाखत समजून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्यांनी चहा दिला आणि सरळच सांगितलं, "आमच्याकडे भरती बंद आहे. माणसं कमी करायचं चाललंय. त्यात माझंही काही खरं नाही. आईनं तुम्हाला बोलावलंय."

म्हातारी आत कॉटवर बसली होती. खरं सांगून टाकायचं मी ठरवूनच गेलो होतो. "आजी, त्या दिवशी मी..."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्या माणसानं कधी माझं नाव काढलं न्हाई. मंदिराच्या मागं एकलेच बसायचे, ते आता शेजारनीनं सांगितलं. कुनाशी ओळख न्हाई, पाळख न्हाई. पर कुनीतरी होतं म्हनलं तवा घडीभर बरं वाटलं."

मग ती म्हणाली, "माझ्या भावाचं कुरुळीला वर्कशॉप हाय. पत्र्याची शेड हाय, पंखाबी न्हाई. जाताव का?"

मी गेलो. पगार आधीपेक्षा बराच कमी, आणि कंपनीची बस तिकडे जात नाही. पण सकाळी डबा घेऊन निघायला लागलो आणि मुलगी पुन्हा माझ्याकडे बघून हसायला लागली.

अलीकडेच दुपारी शेडमध्ये माल तपासत होतो, फोन वाजला. पलीकडचा आवाज अडखळत म्हणाला, "नमस्कार साहेब, जरा काम होतं. माझी नोकरी गेली. तुमच्या ओळखीत कुठं काही असलं तर..."

माझा ऊर भरून आला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला 'ओळख' समजून फोन केला होता. मी घसा साफ केला आणि शक्य तितक्या मोठेपणानं म्हणालो, "नक्की बघू. पण आपण कोण बोलताय?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "कदम."

त्यांचा नंबर सेव्ह करायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.