देवीशेजारचा कातळ
स्प्रे-पेंटचा वास आला की मला औंढ्याच्या डोंगरातली देवीची गुहा आठवते. नवरात्रात आत्याबरोबर करवंदीच्या जाळ्यांमधून चढून मी तिथे पोचलो, तेव्हा आत दगडाचा गारवा होता, वटवाघळांचा उग्र दर्प होता आणि देवीशेजारच्या कातळावर एक पर्यटक स्वतःचं नाव रंगवत होता. आत्या म्हणाली, "बाबा, हितं आमी चपला बी घालत न्हाई." तो हसला, "मावशी, दगडच तर आहे." आत्या पुढे गेली, त्या ओल्या अक्षरांपुढे उरलेल्या कातळाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "लिव्ह आता माझ्या अंगावर." तो खांदे उडवून निघून गेला, माफीचा शब्दही न काढता. आत्या आता नाही, ते अर्धवट नाव मात्र अजून तिथे आहे, आणि ते वाचताना माझं रक्त आजही तितकंच उकळतं.