‘रोज घेते,’ म्हणाली ताई

ताई गेल्याचे फोन मीच केले. माझी थोरली बहीण, तेलंगणात तामसीजवळच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तरीण होती. “काय झालं होतं?” जो तो विचारायचा. “लिव्हर खराब झालं होतं,” असं सांगितलं की पलीकडून नुसतं “अच्छा...” यायचं. त्या ‘अच्छा’चा अर्थ मला कळायचा. इंद्रवेल्लीच्या मावसभावानं तर सरळच विचारलं, “घेत होती का रे बाई?” नाही म्हणताना माझाच आवाज चोरासारखा निघाला. इतक्या आठवड्यांनंतरही ते आठवलं की मान खाली जाते.

ताईनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आमचे वडील भीमपूरकडे दुसऱ्यांच्या वावरात राबले, पण घरात पंचशील पाळलं. भाऊजी लवकर गेले, तेव्हापासून विहारात लेकरांकडून पंचशील म्हणून घेणं ताईनं अंगावर घेतलं होतं. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील ती जरा मोठ्यानं म्हणायची, बाहेर पारावर बसलेल्या बापांना ऐकू जावं म्हणून.

तिला शुगर होती, अंगानंही ती भारी होती. पुढे पाय सुजू लागले, पोट वाढू लागलं, म्हणून मी तिला आदिलाबादला एका डॉक्टरकडे नेलं. रिपोर्ट बघता बघता त्यांनी तेलुगूत विचारलं, “मंदू तीसुकुंटारा?” म्हणजे, मंदू घेता का? तेलुगूत मंदू म्हणजे औषध आणि मंदू म्हणजे दारूही. ताईच्या डोक्यात शुगरच्या गोळ्या. “रोज घेते,” ती म्हणाली, आणि शहाण्या विद्यार्थिनीसारखं पुढं जोडलं, “सकाळ-संध्याकाळ. कधी चुकवत नाही.” दाराशी उभी असलेली माणसं हसली. मी घाईघाईनं खुलासा केला. पण घरचे असंच सांगतात, अशा चेहऱ्यानं डॉक्टर मान हलवत राहिले आणि म्हणाले, “आधी ते बंद करा.” ताईला अर्थ तेव्हा लागला. बसस्टँडपर्यंत ती खाली मान घालून चालली. मग म्हणाली, “आता मले पुन्हा नाई जायचं तेथं. शाळेतल्या लेकरायच्या मायबापायले मी काय तोंड दाखवू?”

त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये एक बाई उठली आणि तिला जागा दिली. “बसा बाई. कितवा महिना हाये?” ताईचे केस पिकायला लागले होते, कपाळ मोकळं होतं. त्या बाईनं मायेनंच विचारलं असेल... ताई पुढच्याच फाट्यावर उतरली. तिच्या मागून मीही उतरलो. उन्हात आम्ही दोघं गावापर्यंत चालत गेलो, ती पुढे, मी मागे, आणि मागे वळून तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तिनं लांब रजा टाकली. विहारात येणं बंद झालं. मी किंवा माझी बायको गेलो की ती मांडीवर उशी घेऊन बसायची. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, “काऊन मागं लागून राह्यले तुमी? बरी हावो मी.” असे कित्येक महिने गेले. एका सकाळी रक्ताची उलटी झाली, तेव्हा तिला हैदराबादला न्यावंच लागलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं आणि हिंदीत शांतपणे समजावलं. शुगर आणि वजनामुळे लिव्हरमध्ये चरबी साचते, साचता साचता ते कडक होत जातं. दारूचा थेंब न घेताही सिरोसिस होतो. ताई उठून बसली. मला म्हणाली, “त्यायले पुन्हा एक डाव सांगाले लाव.” बाईंनी पुन्हा सांगितलं. ताई हुंदके देऊन रडली, कोर्टातून निर्दोष सुटलेलं माणूस रडावं तशी. अशाच रुग्णांवर तिथं संशोधन चालू होतं. तुमचं रक्त आणि रिपोर्ट वापरले तर चालतील का, याचा तुम्हाला फायदा होईलच असं नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाली, “घ्या. पन त्यात लिवा, ह्या बाईनं कधीच घेतली नाई.”

लिव्हर बदलायची गोष्ट निघाली, पण तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. पोटातलं पाणी वरचेवर काढावं लागे. “पानी काढलं का मी पुन्हा मास्तरीण दिसतो,” ती म्हणायची. माझी बायको अळणी वरण-भात करायची, ताई तक्रार न करता खायची. मला मात्र दटावायची, “तुयंबी पोट काई कमी नाई. सोनोग्राफी कर.” तिच्या समाधानासाठी केली. माझ्याही लिव्हरला चरबी निघाली. वेळेत कळलं, वजन उतरवलं तर मागं फिरेल, असं डॉक्टर म्हणाले. ती वेळ ताईला मिळाली असती... ऑफिसात डबा बदललेला बघून कोणी विचारलं, तर मी आता खरं ते सांगतो. सांगताना कान तापतात. तरी सांगतो.

परवा बायकोनं ताईचं कपाट उघडलं, कपडे कोणाला तरी कामी यावेत म्हणून. ब्लाउजच्या बाह्या जागोजाग आत घेतलेल्या होत्या. हात वाळत गेले तसतशा. परकर मात्र दोन्ही बाजूंनी उसवून, मध्ये वेगळ्याच कापडाच्या पट्ट्या घालून रुंद केलेले. सगळं हातशिलाईनं. हातानं का शिवत बसली, मला उमजेना.

“टेलरले माप द्या लागलं असतं ना,” बायको हळूच म्हणाली.

तिनं ते कपडे गठ्ठ्यात बांधले नाहीत. पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवले. मी एक परकर हातात घेऊन पाहत राहिलो. टाके फार बारीक होते, सगळे एका ओळीत.