पी.पी. आपा

आपांनी उभ्या आयुष्यात कुणाचाही निरोप मिळाला तसा पोचवला नाही. एका दिवाळीनंतरचे काही आठवडे सोडून. मला त्यांचा राग आहे तो त्या आठवड्यांतल्या एका निरोपासाठी.

खांदेश्वरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची इमारत होती. आजूबाजूला अर्धवट बांधलेले सांगाडे, मध्ये आम्ही. तीन मजले, नऊ बिऱ्हाडं आणि फोन एकच, तळमजल्यावर आपांकडे. त्यांचे यजमान मस्कतला नोकरीला, म्हणून त्यांनी फोन लवकर घेऊन ठेवला होता. बाकी सगळे अर्ज भरून नंबर लागायची वाट बघत होते. तोवर आमच्या अर्जांवर, लग्नपत्रिकांवर, ऑफिसच्या रजिस्टरात आपांचाच नंबर, पुढे कंसात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, माणूस बोलावून मिळेल. त्यावरून सगळे त्यांना पी.पी. आपा म्हणायचे. तोंडावर आपा, पाठीमागे पी.पी. आपा. दोन्ही त्यांना माहीत होतं.

फोन आला की आपा जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायच्या. "दुसरा मजला, साने. तिसरा मजला, मेधा." आवाज असा, की इमारतीबाहेरचा भाजीवालासुद्धा मान वर करी. माणूस घरी नसलं तर निरोप ध्यानात ठेवायच्या. लिहून घ्यायच्या नाहीत. शाळा श्रीवर्धनला मराठीतून झालेली, अक्षर वळणदार, पण निरोप कधी लिहिला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कागदावर लिवलं की मानूस कोरडं वाचतं. तोंडानं सांगितलं की बरं पडतं."

बरं पडतं म्हणजे काय, ते मला उशिरा कळलं.

दुसऱ्या मजल्यावरचे साने नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. का, ते इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. बहुधा त्या दोघांनाही आठवत नसावं. साने बेलापूरच्या ऑफिसातून आपांना फोन करीत आणि म्हणत, "घरी सांगा, जेवायला नाही." फोन खाली. आपा गुडघे धरत दोन जिने चढायच्या आणि सानेकाकूंना सांगायच्या, "साहेब बोलले, आज उशीर होईल. तुमी थांबू नका, वेळेवर जेवून घ्या, काल पन तुमचा चेहरा उतरला होता." काकू त्या दिवशी ताटात काहीतरी जास्तीचं झाकून ठेवायच्या. बाहेर जेवून आलेले साने ते ताट मुकाट्यानं संपवायचे. असं चार वर्षं चाललं होतं.

पहिल्या मजल्यावर लोखंडेकाका होते. तळोज्याच्या कारखान्यात कायम रात्रपाळी, त्यामुळे दिवसा झोप. दाराला पुठ्ठा टांगलेला: "आत माणूस झोपला आहे. विक्रेते व नातेवाईक यांनी परत जावे." त्यांचा सुपरवायझर पाठक फोनवर शिव्या घालायचा. "त्या कुंभकर्णाला सांगा, आज दांडी मारली तर कायमचं झोपायला मिळेल." आपा संध्याकाळी सांगायच्या, "लोखंडे, तुमचे साहेब तब्येतीची चौकशी करत होते. तुमच्याशिवाय पाळी चालत नाय म्हनतात." आणि लोखंडेकाका छाती काढून ड्यूटीवर जायचे. सुपरवायझर त्यांना बघून काय म्हणत असेल, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

शुक्रवारी दुपारी मात्र आपांचं दार बंद. मस्कतचा फोन यायचा. एकदा मी चुकून दार ढकललं. आपा रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या आणि बराच वेळ नुसतं "हां, हां" म्हणत होत्या. समोरून मोठ्यानं काहीतरी बोलणं चाललं होतं. ठेवल्यावर पदर डोक्यावर नीट घेतला आणि मला म्हणाल्या, "मजेत हाय. सगळ्यांना सलाम सांगितलाय. तुझं नाव घेऊन." त्या माणसाला माझं नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील कामगार संघटनेचे. "बंधूंनो" आणि "भगिनींनो" हे मी बाराखडीच्या बरोबरीनं शिकलो. पुढे पनवेलच्या एका छापखान्यात कामाला लागलो आणि उरलेल्या वेळात तळोज्यातल्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहू लागलो. शब्दाला शब्द असावा, बोललेलं बदलू नये, ही माझी त्या वेळची श्रद्धा होती. आजही आहे, पण आज ती सांगताना माझा आवाज तितका चढत नाही.

मेधा तिसऱ्या मजल्यावर मावशीकडे राहायची. रंगाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट होती. आमची ओळख आपांच्या हॉलमध्ये झाली, कारण येणाऱ्या फोनची वाट बघणारी माणसं तिथल्या दिवाणावर बसत. ती ठाण्याहून घरच्यांच्या फोनची वाट बघत होती, मी छापखान्याच्या मालकाच्या. मी तिला पत्रक वाचायला दिलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि परत देत म्हणाली, "यात सोळा वेळा धिक्कार आहे. एकदा पुरला असता."

"अन्याय सोळा आहेत," मी म्हणालो.

"मग अन्याय लिहा की. धिक्कार लोक आपापले करतील."

आपा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. त्यांनी तीन कप आणले होते आणि स्वतःचा घेऊन परत आत गेल्या. तेव्हापासून आमच्या दोघांचे फोन जरा जास्तच वेळ यायचे राहू लागले.

वर्षभरानं कंपनीनं मेधाला वापीच्या कारखान्यात पाठवलं. तिथं ती मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. हॉस्टेलचं फाटक सातला बंद होई आणि मी छापखान्यातून आठला सुटे. म्हणून ती बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बूथवरून आपांना फोन करून निरोप ठेवी, मी संध्याकाळी तो ऐकून उत्तर सांगे, आणि शनिवारी ती पुन्हा फोन करून उत्तर घेई. पत्रं दोघांनीही लिहून पाहिली. तिची पत्रं लॅब रिपोर्टसारखी व्हायची. माझ्या पत्रांविषयी ती म्हणाली, की वाचून झाल्यावर सही करावीशी वाटते.

तर आमचं प्रेम आपांच्या तोंडून चाललं. आणि काय सुरेख चाललं. "मेधा म्हनते, इथं जेवन बरं हाय पन समोर भांडायला कोन नाय." "मेधा म्हनते, स्वेटर घाल, पावसापान्यात फिरू नको." मी मऊ होत गेलो. कामगारांच्या सभेत मला लोक म्हणाले, हल्ली तुमच्या लिहिण्यात गोडवा आलाय. मला ती टीका वाटली.

दिवाळीला ती चार दिवस आली. आम्ही तलावाच्या काठानं चालत होतो. ती म्हणाली, "तू ऑगस्टमध्ये जे सांगितलंस ना, की नोकरी मनापासून कर, मी कुठे पळून जात नाही, त्या एका वाक्यावर मी तिथे टिकले."

मी थांबलो. ऑगस्टमध्ये मी आपांना सांगितलं होतं, "तिला विचारा, परत येणार आहे की कंपनीची झाली? हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, "मी असं म्हणालोच नव्हतो."

"मग काय म्हणाला होतास?"

मी शब्दशः सांगितलं.  ती म्हणाली, "बरं झालं मला तेव्हा नाही कळलं." आणि थोड्या वेळानं, "मी पण स्वेटरचं काही बोलले नव्हते."

यावर हसता आलं असतं. ती किंचित हसलीही होती, मला आता वाटतं. मी मात्र पेटलो होतो. आम्ही दोन स्वतंत्र माणसं, आणि आमच्या मध्ये बसून तिसरंच कुणीतरी आमचं प्रेम लिहीत होतं. हे सेन्सॉर आहे, मी म्हणालो. मेधा दुसऱ्या दिवशी वापीला गेली आणि मी छापखान्यात थांबून पत्रक जुळवलं. उरलेल्या पिवळ्या कागदावर छापलं. मथळा: "निरोप हा देणाऱ्याचा असतो." खाली पाच मागण्या. पहिली, निरोप जसाच्या तसा पोचवला जावा. नऊ दारांखालून सरकवलं, एक जिन्यात चिकटवलं.

आपांनी ते जिन्यात उभं राहून चष्मा लावून वाचलं. मी मुद्दाम तिथंच उभा होतो, वादाची तयारी करून.

"छपाई चांगली हाय," त्या म्हणाल्या.

"आपा, मजकुराबद्दल बोला."

"मजकुरात माझं नाव का नाय टाकलंस? लाजलास?"

"प्रश्न व्यक्तीचा नाही, पद्धतीचा आहे."

"मंग पद्धतीला हाक मार फोन आला की," असं म्हणून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी फोनशेजारी दोऱ्यानं टांगलेली वही आणि पेन्सिल होती.

त्यानंतर आपा निरोप वहीतून वाचून दाखवू लागल्या. आवाजात चढ नाही, उतार नाही. सानेकाकूंच्या दारात उभं राहून वाचलं, "घरी सांगा जेवायला नाही." काकू म्हणाल्या, "आणि?" आपा म्हणाल्या, "आनि काय नाय. एवढंच हाय." तिसऱ्या दिवशी साने घरी आले तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा ते दांपत्य एकमेकांशी बोललं, इतकं मोठ्यानं, की लोखंडेकाकांनी पुठ्ठ्यावर सान्यांसाठी एक ओळ वाढवली. लोखंडेकाकांना स्वतःचा निरोप मिळाला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. "कुंभकर्ण म्हणाला? पाठक साहेब?" त्या आठवड्यात ते तीनदा कामावर गेले नाहीत.

इमारतीतली माणसं जिन्यात माझ्याशी बोलेनाशी झाली. मी याला सत्याची किंमत समजलो. असली वाक्यं मला तेव्हा चटकन सुचायची.

डिसेंबरच्या एका बुधवारी आपा स्वतः तिसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीवर आल्या. वही हातात. धाप लागली होती, तरी बसल्या नाहीत. वाचलं: "मला इथे कायम करतायत. शनिवारपर्यंत सही करायची आहे. तू ये म्हणालास तर मी नाही म्हणून सांगेन आणि परत येईन. तू फक्त म्हण."

 तोंडात "ये" आलंच होतं. पण मग मी विचार केला. माझी ही खोड. मी म्हटलं, एका स्त्रीनं नोकरी सोडायची ती माझ्या एका शब्दावर? मग माझ्यात आणि तिच्या कंपनीत फरक काय? मी आपांना सांगितलं, "लिहा. प्रत्येक माणसानं आपला निर्णय आपणच घ्यावा. मी कुणावर दबाव आणणार नाही."

आपांनी पेन्सिल उचललीच नाही. "हे नको सांगायला लावू, बाबा."

"का?"

"ती काय विचारते आनि तू काय सांगतोस? तिनं कायदा विचारलाय का तुला?"

"आपा, जसंच्या तसं."

"दोन शब्द घालू दे मला. दोनच. 'वाट बघतो' एवढंच. खोटं हाय का ते?"

खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते आपांच्या तोंडून जायला नको होतं. माझं मीच सांगेन, नंतर, समोरासमोर, असं काहीतरी डोक्यात होतं. "मी सांगितलं तेवढंच," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं. एकेक अक्षर काढत, मला दिसेल असं.

शनिवारी सभा होती, मी संध्याकाळी आलो. आपा दारातच उभ्या होत्या. "सांगितलं," म्हणाल्या.

"मग? काय म्हणाली?"

"बरं."

"काय बरं?"

"एवढंच. बरं म्हनाली आनि ठेवला."

"आणखी काही तरी म्हणाली असेल."

"नाय." मग, "जोडायचं नाय असं तूच छापलंयस."

मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, तुम्ही कोरडं वाचलं असणार, तुम्ही मुद्दाम केलंत, माझ्यावर सूड घेतलात. एरवी सगळ्या इमारतीचं बदलून सांगता आणि माझ्याच वेळेला तुम्हाला नियम आठवला. जिन्यात सगळे बाहेर आले.  आपांचे डोळे भरले होते ते मी पाहिलं आणि तरी बोलत राहिलो. सोमवारी मी सुट्टी काढून वापीला गेलो. मेधा फाटकाशी आली. सही झाली होती. म्हणाली, "मी निर्णय माझा मी घेतला. तुझ्या म्हणण्याप्रमाणे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच मला सहन झालं नाही. पुढल्या वर्षी तिथल्याच एका इंजिनिअरशी तिचं लग्न झालं. पत्रिका मावशीकडे आली, मला वाचायला मिळाली.

आपांनी ती वही मात्र त्याच आठवड्यात काढून टाकली. पुन्हा तोंडी निरोप सुरू झाले, पुन्हा सानेकाकू ताट झाकून ठेवू लागल्या. माझ्या नावाचे निरोपही गोड होऊन येत, पण आता मला ते ओळखू यायचे आणि ऐकताना चीड यायची. आपांवर, स्वतःवर, नेमकी कुणावर ते कळायचं नाही. एकदा गावाहून वडिलांचा निरोप आला, "अभिमान वाटतो म्हनाले." माझे वडील असं बोलत नाहीत. तरी मी दोन दिवस बऱ्या मनःस्थितीत होतो.

दोनेक वर्षांनी गल्ली खणली गेली, केबल पडली, बहुतेकांच्या घरी फोन आले. आपांच्या दिवाणावर कुणी बसेना. यजमान मस्कतहून कायमचे परत आले आणि दोघांनी श्रीवर्धनला जायचं ठरवलं. टेम्पो आला त्या सकाळी मी आणि लोखंडेकाकांनी त्यांचं कपाट खाली उतरवलं. लोखंडेकाका दोरी आणायला गेले तेव्हा आपा आणि मी दोघंच होतो. मी माफी मागणार होतो. त्याऐवजी विचारलं, "आपा, मेधा वापीला होती तेव्हाचे तिचे निरोप. त्यातलं तिचं किती होतं आणि तुमचं किती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. यजमान टेम्पोतून चिडून हाक मारत होते. आपांनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "समदं तिचंच होतं, बाबा. मी नुसता जिना चढले."

मग त्या पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. हे त्या खरं बोलल्या की नेहमीसारखं बोलल्या, ते मला कळलं नाही. विचारायला अजून वेळ होता, टेम्पो सुरू व्हायचा होता. मी विचारलं नाही.