जोडीनं पुजलेल्या फ्लॉप्या

दुष्काळात लोहाऱ्याकडच्या आमच्या दूध संघात संगणक आला, तेव्हा दूध घालायला येणाऱ्यांपेक्षा त्याला बघायला येणारे जास्त होते. त्याचा ऑपरेटर मी, तोही हंगामी. घरची विहीर आटलेली, चूल या नोकरीवर चाललेली.

यंत्राच्या पोटात स्वतःचं काही नव्हतं. सकाळी एक फ्लॉपी भरवली की ते जागं व्हायचं, नाहीतर काळं तोंड करून बसायचं. म्हणून सोलापूरच्या इंजिनियरनं बजावल्याप्रमाणे मी त्या फ्लॉपीची दुसरी प्रत करून तिजोरीत ठेवली होती. पहिली रुसली तर दुसरी. दोन राण्यांच्या राजासारखा मी निर्धास्त.

दसऱ्याला आम्ही बौद्ध मंडळी धम्मचक्राच्या कार्यक्रमाला जमतो, म्हणून मी गावी गेलो. इकडं खंडेनवमीला संघात अवजारांची पूजा झाली. परत येऊन बटण दाबलं तर पडदा काळा. फ्लॉपी ओढून बघितली. यंत्र तिला जिथून वाचतं त्या लांबट खिडकीत हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट. तिजोरी उघडली. दुसरीलाही तेच.

"मामा, ही कुणी काढली?" मी म्हाताऱ्या शिपायाला विचारलं.

"म्याच. सायबाकडनं किल्ली घेतली. जोडी हाय ना ती? एकीला कुंकू अन् दुसरी कोरी, बरं दिसतं व्हय?"

"आणि नेमकं खिडकीतच?"

"तेवढंच अंग उघडं व्हतं. बाकी समदा कपडाच हाय की."

मॅनेजर दारात उभे होते. "उद्या चेअरमन येणार. चालू नसलं तर यंत्र परत, अन् त्याच्यामागं तू."

एरवी मी त्यांचीच नक्कल करून सगळं ऑफिस हसवलं असतं. त्या दिवशी राग आला नाही, भीतीही वाटली नाही. दाढ काढताना गाल होतो, तसा मी सगळाच बधिर.

हात मात्र चालत राहिले. कात्रीनं फ्लॉपीची कड कापली, आतली पातळ चकती काढली. "मामा, पाणी."

टँकर आलेला नव्हता. मामांनी रांजण कलता करून तांब्याभर काढलं. "घ्या, प्या."

"हिला धुवायचीय."

"बघा. यंत्राला बी पाणी लागतंय, अन् आणताना कुणी बोललं न्हाय."

चकती धुतली, सावलीत वाळवली. धुवण मामांनी फेकू दिलं नाही, दारातल्या लिंबाच्या रोपाला घातलं. मग एका कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट तसंच कापून रिकामं केलं, त्यात ही चकती सरकवली, यंत्राचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि भरवली. घुर्रघुर्र झालं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

"राहिलास तू," मॅनेजर म्हणाले.

जागं होताच यंत्र आजची तारीख विचारतं. रोज मी ती न बघता टाकायचो. आता बोटं कळांवर ठेवून बसलो. आठवेना.

"टाक की," मॅनेजर म्हणाले.

मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगितली. मी टाकली. आता आनंद होईल म्हणून जरा थांबलो. झाला नाही. मग नवी प्रत करायला घेतली.