साहेबांची चाल

इथल्या मेट्रोत, एमआरटीत, कुणाच्या अंगाला दुखण्यावरच्या स्प्रेचा वास आला, की मला आमच्या पॉलिटेक्निकचं तापलेलं ग्राउंड आठवतं. अ‍ॅथलेटिक्स टीमचं सरकारी अनुदान चालू ठेवायचं का, हे ठरवायला एक साहेब आले होते. ग्राउंडभर फिरले, इथल्या बोलीतला लाडिक 'लाह' जोडून "व्हेरी गुड, लाह" म्हणाले आणि गोड हसून गेले. त्यांची पाठ वळताच मी नक्कल सुरू केली. तेच हसू, त्याच मोजून टाकलेल्या ढांगा, टोकाला थांबून मान वर करून आभाळाकडे बघणं. पोरं हसून लोळली. कोच हसले नाहीत. म्हणाले, "परत कर." मी केली. "यात ते पळणाऱ्यांकडे कधी बघतात?" मी आठवून पाहिलं. "बघितलंच नाही, सर." आता त्या ग्राउंडच्या जागी उंच इमारत आहे. तिच्याकडे बघताना माझी मान अगदी साहेबांसारखी वर जाते.