माझ्या नावावरच्या चुका

"फौजेत चूक होत नसते, मुन्शी. चूक कारकुनाची असते."

असं म्हणून ते कोटाची बटणं वरून खाली एकेक चाचपायचे. बटणं सगळी जागेवर असायची. मग चूक आपसूक माझ्याकडे यायची.

पंधरा वर्षं मी त्यांचा मुन्शी, म्हणजे वकिलाचा कारकून, होतो आणि खरं सांगतो, मला हा माणूस आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही, झालं तेवढंच सांगतो. निवाडा तुम्ही करा.

लढाईत पायाला गोळी लागून ते फौजेतून घरी आले आणि मग वकिलीची परीक्षा दिली. नागपूरच्या कोर्टात सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत. नंदनवनातल्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस होतं. सकाळी आठ वाजता मी डायरी हातात घेऊन उभं राहायचं, बसायचं नाही, आणि त्या दिवसाच्या तारखा मोठ्यानं वाचायच्या. जरा पुटपुटलो की पक्षकारांसमोर ऐकवायचे, "आवाज काहून बसला गा? जेवून नाही आला काय?" नरखेडकडून पहिल्या एसटीनं आलेला पक्षकार मग माझ्याकडेच संशयानं बघू लागायचा. त्या डायरीत मी एकही तारीख कधी चुकीची लिहिली नाही. हे मी गर्वानं सांगतो, कारण माझ्याजवळ गर्व करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

घरात मात्र हाच माणूस लोण्यासारखा मऊ. त्यांना एकच मुलगी, बेबी. तिच्या वेण्या ते स्वतः घालायचे, आणि रिबिनी इतक्या करकचून बांधायचे की पोरीला मान वळवता येत नसे. रविवारी बायकोला आणि तिला घेऊन सक्करदऱ्याच्या तलावावर जायचे. पाय दुखरा, तरी पोरगी खांद्यावर. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, बाप असावा तर असा. पाहणारे सगळे तेच म्हणायचे. त्या बापपणाची किंमत कोण मोजतो ते त्यांना ठाऊक नव्हतं.

एकदा बेबीच्या शाळेत गॅदरिंग होतं आणि साहेब कोर्टात आलेच नाहीत. दाव्याचा पुकारा झाला, आमच्या बाजूनं कोणी नाही, दावा खारीज. मी सायकल दामटत शाळेत गेलो तर हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बेबी झाड झाली होती. तिला वाक्यही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मजकूर सांगितला आणि मी टाइप केला: पुढची तारीख डायरीत माझ्या हातून चुकीची लिहिली गेली, वकीलसाहेबांचा दोष नाही. कोर्टात ही जुनी रीत आहे. वकिलाची तारीख हुकली की मुन्शीनं शपथेवर चूक कबूल करायची, म्हणजे दावा पुन्हा उभा राहतो. सगळ्यांना माहीत असतं, कोणी कोणाला विचारत नाही. मीही सही केली.

त्या संध्याकाळी वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, मला आत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "बेबीच्या आधी एक पोरगा होता आमाले. हे लढाईवर असताना झाला अन् लढाईवर असतानाच गेला. तोंडबी पाह्यलं नाही यांनी. म्हणून बेबीचं काहीच सुटू देत नाही." मला वाईट वाटलं. बराच काळ वाटत राहिलं.

पण पुढं बेबीला गोवर निघाला तेव्हा मी चुकलो. बेबीची चित्रकलेची परीक्षा होती तेव्हा चुकलो. बेबीचं मांजर हरवलं तेव्हाही मीच चुकलो. चार शपथपत्रं झाली.

अशात कोर्टात कारकुनाची जागा निघाली. पक्की सरकारी नोकरी. माझ्या बायकोनं माहेरी कळवूनसुद्धा टाकलं. मुलाखतीला बसलेल्या जजसाहेबांनी माझं नाव वाचलं आणि चष्मा वर केला. "तुम्हीच ना ते, तारखा चुकवणारे? चारही शपथपत्रं माझ्याच टेबलावर आली होती. अहो, इथं आम्हाला तारखाच लिहायच्या असतात." बाकीचे हसले. हसण्यासारखंच होतं.

मी तडक नंदनवन गाठलं.

"साहेब, जजसाहेबाइले एकदा सांगा न, त्या चुका माह्या नव्हत्या."

"खोटं लिहून घेतलं म्हणून सांगू? वकिलीची सनद जाईन माही. बेबीचं काय होईन?"

"अन् माह्या पोराइचं?"

त्यांनी बटणं चाचपली. "तू घरचाच आहेस गा. घरच्या माणसानं असं मनाला लावून नाही घ्यायचं."

जागा दुसऱ्याला मिळाली. मी त्यांच्याकडेच राहिलो. जाणार कुठं?

पुढं बेबी मॅट्रिकला बसली. प्रत्येक पेपरला साहेब शाळेच्या फाटकाशी उन्हात उभे. पाचवी तारीख हुकली. कागद माझ्यापुढं आला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर खुर्चीत बसलो.

"मी सही नाही करत, साहेब."

त्यांनी कागद फाडला, कोट चढवला आणि पाय ओढत कोर्टात निघाले. मी मागोमाग. समोर तेच जजसाहेब होते.

"चूक माझी आहे," साहेब म्हणाले. "मुलीचा पेपर होता. मी तिथं होतो."

जजसाहेबांनी विचारलं, "कसा गेला पेपर?"

"चांगला गेला."

"दावा पुन्हा घ्या," ते म्हणाले आणि पुढचा पुकारा झाला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर आल्यावर साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाह्य बरं, झालं न काम. तू उगीच ताणून धरलं होतं." त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नाही. हेच चार वेळा करता आलं असतं.

ते गेले तेव्हा मी तेराव्याला गेलो. बेबी सासरहून आली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. माझ्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "काका, माझं एकबी काही बाबांनी चुकवलं नाही. तुमचा विषय निघाला की म्हणत, मुन्शी तारखा विसरते, पण आपला माणूस आहे, सांभाळून घ्या लागते."

म्हणजे घरीसुद्धा हेच सांगितलं होतं. पंधरा वर्षांचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ती भाताचं पातेलं घेऊन तशीच समोर उभी होती.

"हो वं बेबी," मी म्हणालो, "व्हायच्या चुका माह्या हातून."