अंदमानात वादळ आणि बॉबलिंगेनमध्ये मी

मंडळी, आज ऑफिसमध्ये नुसती बसून होते. आई-बाबा अंदमानला फिरायला गेलेत आणि वादळामुळे बोटी बंद झाल्याने नील बेटावर अडकलेत. मी इथे जर्मनीत सॅटेलाइटवरचे ढग बघतेय, जणू माझ्या बघण्याने ते हलणार आहेत!

दुपारी एकदाचा बाबांना फोन लागला. कॅमेरा मुद्दाम बंद. "अगं, मस्त आहे इथे. जराशी भुरभुर आहे." मागे पत्रे धडाधड वाजत होते. मस्त म्हणे!

मग आई म्हणाली, "तुमच्याकडे बर्फ दाखवतंय. टोपी घालून बाहेर पड."

तेवढ्यात फोन कट झाला. तेव्हापासून लागतच नाहीये.

अशा वेळी तुम्ही काय करता हो?

इथे बर्फ सुरू झालाय. मी टोपी घातलीय. आईसाठी आत्ता मला एवढंच करता येतंय.